बोटांच्या मापाचा कीबोर्ड

अंगठा हे हाताचं सगळ्यांत बळकट बोट. संगणकाच्या नेहमीच्या कीबोर्डवर मात्र दोन्ही अंगठ्यांना मिळून काम एकच, स्पेसबार दाबणं. करंगळी सगळ्यांत आखूड आणि अशक्त, पण शिफ्ट, कंट्रोल, टॅब, एंटर, बॅकस्पेस ही सारी जड कामं तिच्या गळ्यात. दिवसाचे सहा-आठ तास टाइप करणाऱ्या माणसाच्या हातावर ही वाटणी वर्षानुवर्षं लादली जाते, आणि बहुतेकांना ती बदलता येते हेच ठाऊक नसतं. ती बदलता येते, आणि तीही घरच्या टेबलावर. एक सोल्डरिंग आयर्न, थोडे सुटे भाग आणि काही निवांत संध्याकाळी एवढ्या भांडवलावर आपल्या बोटांच्या मापाचा कीबोर्ड तयार होतो.

आधी हे बघू की आजचा कीबोर्ड असा तिरका का आहे. क्यू, ए, झेड ही बटणं एकाखाली एक सरळ येत नाहीत, प्रत्येक ओळ बाजूला सरकलेली असते. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टाइपरायटरचं पेटंट घेतलं ते १८६८ साली. रेमिंग्टन कंपनीने तो १८७४ मध्ये बाजारात आणला. त्या यंत्रात प्रत्येक बटणापासून एक दांडी आत जायची. चार ओळींच्या दांड्या एकमेकींना न अडता शेजारी शेजारी बसाव्यात, म्हणून ओळी सरकवाव्या लागल्या. दांड्या जाऊन जमाना झाला, तरी सरकलेल्या ओळी राहिल्या. बोटं तर पुढे-मागे सरळ रेषेत हलतात. त्यात दोन्ही हात छातीसमोर एकत्र आणून टाइप करायचं म्हटलं की मनगटं करंगळीच्या बाजूला मुडपतात, आणि तळवे जमिनीकडे पूर्ण पालथे राहतात. उजवीकडच्या आकड्यांच्या ठोकळ्यामुळे माऊस आणखी दूर जातो आणि खांद्याला ताण पडतो.

ही तक्रार नवी नाही. जर्मनीत क्लॉकेनबर्ग यांनी १९२६ मध्येच टाइपरायटरचा कीबोर्ड मधोमध दुभंगावा असं सुचवलं होतं. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये लिलियन माल्ट आणि स्टीफन हॉबडे यांनी ‘माल्ट्रॉन’ घडवला. त्यात बटणं वाटीसारख्या खोलगट जागेत बसवली होती आणि अंगठ्यांना बटणांचा स्वतंत्र पुंजका दिला होता. लिलियन माल्ट टायपिंग शिकवण्याच्या क्षेत्रातल्या होत्या, बोटं कुठे अडतात हे त्यांनी समोर बसलेल्या माणसांच्या हातांवर पाहिलेलं होतं. अमेरिकेतल्या कायनेसिस कंपनीने १९९२ मध्ये त्याच वाटेवरचा कीबोर्ड आणला. पण अशी यंत्रं महाग राहिली आणि आपल्याकडच्या दुकानांत फारशी दिसली नाहीत. चित्र पालटलं ते गेल्या पंधरा-एक वर्षांत. हौशी लोकांनी आपल्या कीबोर्डचे आराखडे सर्वांसाठी खुले केले, सर्किट बोर्ड घरबसल्या छापून मिळू लागले, आणि चेरी या जर्मन कंपनीच्या प्रसिद्ध स्विचवरचा पेटंटचा हक्क संपल्यावर तसेच स्विच इतर कारखान्यांतून स्वस्तात येऊ लागले. जपानमध्ये तर या छंदाने इतकं मूळ धरलं की टोकियोच्या अकिहाबारा भागात युशाकोबो नावाचं फक्त स्वहस्ते बांधायच्या कीबोर्डांचं दुकान उभं राहिलं.

जपानमध्येच जन्मलेला ‘कॉर्ने’ हा आराखडा पहिल्या बांधणीसाठी मला सगळ्यांत योग्य वाटतो. त्याचे दोन सुटे भाग असतात, एकेका हाताला एक. प्रत्येक भागावर सहा उभे स्तंभ, तीन आडव्या ओळी आणि खाली अंगठ्यासाठी तीन बटणं, म्हणजे २१. दोन्हीकडची मिळून ४२. नेहमीच्या १०४ बटणांच्या कीबोर्डसमोर हा आकडा ऐकून लोक दचकतात, त्याचं उत्तर पुढे येईल. स्तंभ सरळ उभे आहेत आणि बोटांच्या लांबीप्रमाणे वर-खाली सरकवलेले आहेत: मधल्या बोटाचा स्तंभ सर्वांत वर, करंगळीचा खाली. दोन भाग खांद्यांच्या रुंदीइतके दूर ठेवले की मनगटं सरळ राहतात. आतल्या कडेखाली टेकू देऊन भाग थोडे तिरके उभे केले की तळवेही पूर्ण पालथे करावे लागत नाहीत.

पैसे खर्च करण्याआधी एक काम अवश्य करावं. आराखड्याचं चित्र कागदावर मूळ मापात छापून घ्यावं, टेबलावर चिकटवावं आणि त्यावर हात ठेवून पाहावं. दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर १९.०५ मिलिमीटर आहे की नाही हे पट्टीने मोजलं म्हणजे छपाईचं माप बरोबर असल्याची खात्री होते. मग डोळे मिटून बोटं वर-खाली हलवावीत. अंगठा सहज जिथे पडतो तिथे बटण आहे का? करंगळीला ताणावं लागतंय का? हात लहान असतील तर बाहेरचा स्तंभ नसलेला ३६ बटणांचा प्रकार बरा. हे सगळं कागदावर फुकट कळतं.

आता सामान. दोन सर्किट बोर्ड, ४२ स्विच, ४२ डायोड, दोन मायक्रोकंट्रोलर, दोन भाग जोडायची केबल आणि तिचे सॉकेट, बटणांच्या टोप्या आणि वर-खाली लावायच्या प्लेट. बोर्ड छापणारे कारखाने बहुधा किमान पाच नग करून देतात. कॉर्नेचा बोर्ड उलटसुलट दोन्ही बाजूंनी वापरता येतो, म्हणजे पाच नगांत दोन कीबोर्ड होतात आणि एक बोर्ड सोल्डरिंगचा हात बसवायला उरतो. डायोड, सोल्डर, सॉकेट, तारा यांसाठी मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड आणि पुणेकरांनी पासोड्या विठोबाचा परिसर गाठावा. स्विच आणि टोप्या आता देशातले विक्रेतेही घरपोच देतात. एक फायदा इथेच सांगून टाकतो: या कीबोर्डवर लांबलचक स्पेसबार नसल्यामुळे तो वाकडा न होता समान दाबला जावा म्हणून लागणारी तारेची जुळणी इथे लागतच नाही. ती जुळणी नीट बसवणं हा नेहमीच्या मेकॅनिकल कीबोर्डमधला सर्वांत किचकट भाग असतो.

स्विच निवडताना रंगांची भाषा समजून घ्यावी. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा, तपकिरी म्हणजे मध्ये हलकासा अडथळा जाणवणारा, निळा म्हणजे टिक असा आवाज करणारा. चेरीच्या लाल स्विचला साधारण ४५ ग्रॅम दाब लागतो, बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं आणि त्याच्या निम्म्यावर, २ मिलिमीटरला, संपर्क होतो. म्हणजे बटण तळाला आपटायची गरज नसते. हे बोटांना कळायला वेळ लागतो, पण कळलं की टायपिंग हलकं होतं. घरात इतर माणसं झोपत असतील तर निळ्याच्या वाटेला जाऊ नये. शक्य असेल तर स्विच थेट सोल्डर न करता त्यांच्यासाठी सॉकेट लावावेत. मग करंगळीखाली हलके, अंगठ्याखाली जरा कडक, असे बदल नंतर हाताने ओढून-बसवून करता येतात.

खरी गंमत डायोडमध्ये आहे, आणि ती समजल्याशिवाय सोल्डरिंगला बसू नये असं माझं मत आहे. एका भागावर २१ बटणं. प्रत्येकाला स्वतंत्र तार द्यायची तर कंट्रोलरला २१ पिना लागतील, पण प्रो मायक्रो या लोकप्रिय कंट्रोलरवर अशा कामाच्या पिना १८ च. म्हणून बटणं ओळी आणि स्तंभ अशा जाळीत बांधतात. अंगठ्याची धरून चार ओळी आणि सहा स्तंभ, म्हणजे दहा पिनांत काम भागतं. प्रत्येक बटण हे एका ओळीचा आणि एका स्तंभाचा छेद. कंट्रोलर एका वेळी एकच ओळ ‘खाली’ खेचतो, म्हणजे तिचा विद्युतदाब शून्यावर आणतो, आणि सहाही स्तंभ तपासतो. जो स्तंभ खाली गेलेला दिसेल त्याच्या छेदावरचं बटण दाबलेलं आहे. मग पुढची ओळ. हा फेरा सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा चालू असतो.

यात एक भूत दडलेलं आहे. क्यू, डब्ल्यू आणि ए ही तीन बटणं एकदम दाबली असं धरा. एसला कोणी हात लावलेला नाही. कंट्रोलर ए-एसची ओळ तपासू लागतो. डब्ल्यू-एसच्या स्तंभातला प्रवाह डब्ल्यूमधून वरच्या ओळीत शिरतो, तिथून क्यूमधून उलटा शेजारच्या स्तंभात उतरतो आणि एमधून तपासल्या जाणाऱ्या ओळीत पोचतो. कंट्रोलरला वाटतं एसही दाबलाय. डायोड हा प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग आहे. प्रत्येक बटणाला एक डायोड लावला की डब्ल्यूमधून वर जायला वाट मिळते, पण क्यूमधून उलटं उतरायला मिळत नाही. भूत तिथेच अडतं. एखाद-दोन रुपयांचा १एन४१४८ हा काचेचा बारीक डायोड हे काम चोख करतो. त्याच्या एका टोकाला काळी पट्टी असते, बोर्डवरही तशीच खूण छापलेली असते. सगळ्या पट्ट्या खुणेप्रमाणे लावायच्या. एखादा उलटा लागला तर फक्त तेवढंच बटण मुकं राहतं, त्यामुळे दोष शोधणं सोपं.

दुसरी एक अडचण कंट्रोलरचं सॉफ्टवेअर सोडवतं. स्विचमधल्या धातूच्या दोन पट्ट्या भेटताना क्षणभर थरथरतात, आणि एका दाबात अनेकदा जुळल्या-सुटल्या असं दिसतं. चांगल्या स्विचमध्ये ही थरथर ५ मिलिसेकंदांच्या आत संपते. तेवढा वेळ बारीकसारीक बदलांकडे दुर्लक्ष केलं की एकाच दाबात ‘क’ दोनदा उमटत नाही.

सोल्डरिंगला लोक उगाच घाबरतात. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली तार १८३ अंश सेल्सियसला वितळते. आयर्नचं टोक ३२० ते ३५० अंशांवर ठेवावं. टोकाने आधी पिन आणि बोर्डवरचं तांब्याचं कडं दोन्ही एकदम तापवावं, मग तार त्या जोडाला लावावी, टोकाला लावू नये. सोल्डर आपोआप पसरून चकचकीत छोटा डोंगर झाला की जोड पक्का. गोळा होऊन नुसता वर बसला तर जोड कच्चा, पुन्हा तापवायचा. खिडकी उघडी ठेवावी, कारण धूर फ्लक्सचा असतो आणि तो छातीला चांगला नाही. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण तारेत शिसं असतं. आधी डायोड, मग सॉकेट, शेवटी कंट्रोलर हा क्रम पाळावा. सुरुवात करण्यापूर्वी एका बोर्डवर ‘डावा’ आणि दुसऱ्यावर ‘उजवा’ असं मार्करने लिहावं. बोर्ड उलटसुलट सारखाच असल्यामुळे दोन डावे भाग तयार होण्याचा धोका खरोखर असतो. कंट्रोलरच्या बाबतीत माझा सल्ला असा, की जुन्या प्रो मायक्रोऐवजी त्याच आकाराचा आरपी२०४० चिपचा बोर्ड घ्यावा. रास्पबेरी पायने ही चिप २०२१ मध्ये आणली. जुन्या बोर्डवरची मायक्रो-यूएसबीची खोबण चटकन उखडते आणि त्याची ३२ किलोबाइटची साठवण लवकर भरते.

दोन भाग जोडणाऱ्या चार संपर्कांच्या केबलबद्दल एक नियम मात्र कधीच मोडू नये. कीबोर्ड संगणकाला जोडलेला असताना ती केबल काढू किंवा घालू नये. प्लग आत-बाहेर सरकताना वीज आणि ग्राउंड यांचे संपर्क क्षणभर एकमेकांना चिकटू शकतात आणि कंट्रोलर जळू शकतो. आधी यूएसबी काढायची, मग केबल.

आता ४२ बटणांचा प्रश्न. कंट्रोलरमध्ये ‘क्यूएमके’ नावाचं खुलं फर्मवेअर भरतात. कोणतं बटण काय करेल हे त्यातल्या एका नकाशात आपण लिहितो, आणि असे अनेक नकाशे थरांसारखे एकावर एक ठेवता येतात. डाव्या अंगठ्याने एक बटण धरून ठेवलं की उजव्या हाताखालच्या अक्षरांच्या जागी आकड्यांचा ठोकळा येतो. दुसरं धरलं की बाणांच्या खुणा, होम, एंड. हात जागचे हलत नाहीत, आकडा गाठायला बोट दोन ओळी वर जात नाही. एकाच बटणाला दोन कामंही देता येतात: टिचकी मारली तर अक्षर, दाबून धरलं तर कंट्रोल. टिचकी कुठे संपते आणि धरणं कुठे सुरू होतं याची सीमा सुरुवातीला २०० मिलिसेकंद ठेवलेली असते, ती आपल्या चालीप्रमाणे कमी-जास्त करावी. शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस अंगठ्याखाली आणले की करंगळीवरचं ओझं उतरतं.

पहिले काही आठवडे वेग निम्म्यावर येतो, हे आधीच मनात धरावं. ज्यांना ‘बी’ हे अक्षर उजव्या हाताने दाबायची सवय आहे त्यांचं बोट दोन भागांमधल्या मोकळ्या टेबलावर पडतं. आणि हातात आधीच मुंग्या किंवा दुखणं असेल तर आधी डॉक्टरांकडे जावं. दुभंगलेला कीबोर्ड मनगटाचं मुडपणं कमी करतो, तो औषध नव्हे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी ही खटपट आणखी मोलाची आहे, आणि त्याचं कारण कीबोर्ड संगणकाला काय पाठवतो यात आहे. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाच्या जागेचा क्रमांक पाठवतो. ‘के’च्या जागेचा क्रमांक १४. संगणक इंग्रजीवर असेल तर १४ चा ‘के’ होतो, इन्स्क्रिप्टवर असेल तर त्याच १४ चा ‘क’ होतो. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठी ठरवलेली मांडणी, आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तिचा समावेश आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि क-ख, ग-घ अशा जोड्या एकाच बटणावर. मांडणी अतिशय विचारपूर्वक केलेली आहे, पण ती शिफ्टवर फार टेकते. ‘माझा भाऊ आणि आई’ एवढं लिहून पाहा. जागा सोडून बारा ठोके, त्यांपैकी झ, भ, ऊ, आ, ण, आ, ई या सात ठोक्यांना शिफ्ट लागते. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला एकदा लागणारी शिफ्ट मराठीत अर्ध्याहून अधिक वेळा लागू शकते, आणि नेहमीच्या कीबोर्डवर तो सगळा भार करंगळ्यांवर पडतो. अंगठ्याखालच्या बटणाला ‘एकदा टिचकी, पुढचं एक अक्षर शिफ्टसह’ हे काम क्यूएमकेत देता येतं. मराठी लिहिणाऱ्या माणसासाठी या एका बदलाची किंमत बाकी सगळ्या सोयींहून मोठी आहे असं मी म्हणेन.

४२ बटणांत एक अडचण मात्र मराठीचीच आहे. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ड’ हा ‘पी’च्या उजवीकडे चौकोनी कंसाच्या जागी आहे, ‘ृ’ बरोबरच्या चिन्हावर आणि ‘ॉ’ उलट्या तिरप्या रेघेवर. या तिन्ही जागा कॉर्नेच्या मुख्य थरावर नाहीत. म्हणजे ‘डॉक्टर’ लिहिताना पहिल्या दोन ठोक्यांतच अडायचं. उपाय सोपा आहे. ‘ओ’ आणि ‘पी’ ही शेजारची बटणं एकदम दाबली की चौकोनी कंसाचा क्रमांक जावा असं नकाशात लिहिता येतं, तशीच आणखी दोन जोड्या इतर दोघांसाठी. क्ष, ज्ञ, त्र, श्र ही जोडाक्षरं शिफ्टसह आकड्यांच्या ओळीत असतात, ती आकड्यांच्या थरावर मिळतात. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतल्या ‘ऱ्य’ला तीन ठोके आणि एक शिफ्ट लागते, तो सारा क्रम एका बटणावर बसवता येतो. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की संगणक इंग्रजीवर असेल तर तेच बटण तीन निरर्थक खुणा टाकेल, कारण संगणक कोणत्या भाषेवर आहे हे कीबोर्डला कळत नाही. म्हणून मराठीचा थर वेगळा ठेवावा आणि भाषा बदलण्याची आज्ञा व थर बदलणं ही दोन्ही कामं एकाच बटणावर जोडावीत.

सगळं मराठी टायपिंग इन्स्क्रिप्टवर होत नाही. पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी वापरून छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत आयुष्य घालवलेली कितीतरी माणसं रेमिंग्टनच्या मांडणीवर टाइप करतात. टाइपरायटरवर शिकलेली बोटं ती सोडत नाहीत आणि सोडावीतही का! त्या मांडणीत अर्ध्या अक्षरांना, रफाराला, कान्याला स्वतंत्र जागा असतात, त्यामुळे ती आकड्यांच्या ओळीपर्यंत पसरते. ४२ बटणांवर ती कशी बसवायची, कोणती अर्धी अक्षरं मुख्य थरावर ठेवायची आणि कोणती अंगठ्यामागे ढकलायची, हे मी ठरवू शकत नाही. ज्याच्या बोटांत ती मांडणी मुरलेली आहे त्याच्याशेजारी बसून, तो रोज काय लिहितो ते पाहून तो नकाशा लिहावा लागेल. पाचांतले उरलेले दोन बोर्ड त्या कामाला लावावेत.